फुकट, विकत आणि मुक्त

बियाण्याची पिशवी घेताना चार दुकाने हिंडणारा आणि दराची घासाघीस करणारा चतुर ग्राहक फुकटच्या वस्तूपुढे मात्र हिशेब विसरतो. ‘फुकट ते पौष्टिक’ या समजुतीचा पगडा एवढा जबर आहे. फोनमध्ये गाणी आणि चित्रफिती लावणाऱ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे मीडिया प्लेअरची, निवड हे त्याचे ताजे उदाहरण होय.

विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु वाशीम जिल्ह्यातील असंख्य घरांत रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि छायाचित्रांचा अल्बम या तिन्हींची जागा आता फोनने घेतली आहे. मुलीच्या लग्नाची चित्रफीत, गावच्या सप्ताहातील कीर्तन, सोयाबीनवरील किडीची माहिती आणि मुलांचा पाठ हे सारे त्याच्याच पोटात असते. पोहरादेवी येथे २०२४ साली बंजारा समाजाच्या वारशाचे संग्रहालय उभे राहिले, ही समाधानाची गोष्ट आहे; तथापि तांड्यावरच्या वृद्धांनी गायिलेली गाणी आज जपली जातात ती मुख्यतः फोनमध्येच. असा ठेवा ज्या साधनातून ऐकायचा, ते साधन कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न क्षुल्लक खचितच नव्हे.

या साधनांचे विकतचे आणि फुकटचे असे दोनच वर्ग सामान्यतः केले जातात. वस्तुतः ते तीन आहेत. पहिल्यात ग्राहक रोख किंमत मोजतो. दुसऱ्यात किंमत जाहिरातदार मोजतो आणि त्याच्या मोबदल्यात ग्राहकाचे लक्ष, त्याचा इंटरनेटचा डेटा आणि पुष्कळदा त्याच्या आवडीनिवडींची नोंद घेतली जाते. तिसरा वर्ग मुक्त सॉफ्टवेअरचा. तेथे किंमत तर नसतेच, शिवाय आतील आज्ञावली कोणालाही तपासता येते. फुकट आणि मुक्त यांतील हे अंतर लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेकांची फसगत होते.

दुसऱ्या वर्गाचे स्वरूप एमएक्स प्लेअरच्या इतिहासावरून ध्यानात येते. २०११ साली आलेला हा दक्षिण कोरियाई प्लेअर फोनमधील फिती सुबकपणे दाखवीत असे आणि त्यामुळे भारतात अफाट लोकप्रिय झाला. जाहिराती नकोत, त्यांच्यासाठी ‘प्रो’ ही सशुल्क आवृत्ती होती. २०१८ मध्ये टाइम्स इंटरनेटने तो घेतला. पुढल्याच वर्षी त्यात मालिका आणि चित्रपटांचे दालन उघडले. २०२४ मध्ये तो अ‍ॅमेझॉनकडे गेला. यात बेकायदा काही नाही. मात्र वापरणाऱ्याने घरची फीत पाहण्यासाठी घेतलेल्या साधनाचे रूपांतर मालकाच्या इच्छेने करमणुकीच्या बाजारात झाले आणि ज्याच्या फोनात ते घडले, त्याला कोणी विचारले नाही.

याउलट व्हीएलसीचे. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली हा प्रकल्प आरंभिला आणि २००१ साली तो मुक्त परवान्याखाली खुला केला. आज ना-नफा तत्त्वावरील संस्था त्याची जोपासना करते. त्यात जाहिराती नाहीत. परवाना सांगतो की कोणीही तो वापरावा, तपासावा, बदलावा आणि इतरांना द्यावा. फक्त पुढच्याचाही हाच अधिकार हिरावून घेऊ नये.

ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. याच जिल्ह्यातील कारंजा येथील जैन ग्रंथभांडारे शास्त्रदानाच्या प्रथेवर वाढली. श्रावकाने पदरमोड करून पोथीची नक्कल करवावी आणि ती मुनींना किंवा मंदिराला अर्पावी, अशी ती प्रथा. लेखनिकाला मोबदला मिळे, वाचकाला ज्ञान मिळे आणि पोथीच्या पानांत कोणी आपला माल विकत नसे. शतकानुशतके झालेल्या या नकलांमुळेच पुष्पदंताच्या ‘जसहरचरिउ’सारखे अपभ्रंश काव्य १९३१ साली कारंजाच्या ग्रंथमालेतून छापून निघू शकले. ज्याची नक्कल करण्यास मुभा असते, ते टिकते.

तेवढ्यावरून विकतचे सॉफ्टवेअर त्याज्य ठरत नाही. कारागिराने श्रमाचे दाम मागावे, हे न्याय्यच आहे. काही ध्वनिप्रकारांवरील स्वामित्वशुल्कही निर्मात्याला भरावे लागते. चित्र दिसते पण आवाज येत नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. एकदाच किंमत घेऊन पुन्हा पाठीस न लागणारा विक्रेता जाहिरातींवर जगणाऱ्या फुकट वाटपापेक्षा अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. मुक्त सॉफ्टवेअरही स्वयंसेवकांच्या श्रमावर आणि देणग्यांवर चालते, याचाही विसर पडू नये.

म्हणून निवडीची कसोटी किंमत ही नसावी. खर्च कोण सोसतो आणि कशासाठी, ही असावी. फीत दाखविणाऱ्या साधनाला फोनमधील फाइलींपर्यंत पोचण्याची परवानगी लागते, हे समजण्यासारखे आहे. ते संपर्कयादी किंवा ठावठिकाणा मागू लागले, तर ते दूर ठेवणेच शहाणपणाचे. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी आणि ग्रंथालयांनी आपल्या उपकरणांवर मुक्त प्लेअरच ठेवावेत. मुलांच्या पाठाआधी कर्जाची वा जुगाराची जाहिरात झळकावी, असा सौदा करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही.

१९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो वाचनाची सोय समाजाच्या खर्चाने व्हावी म्हणून. पोथीची जागा पडद्याने घेतली, म्हणून हे तत्त्व बदलत नाही.