बाळंतिणीच्या मनाचा हिशेब

मातेच्या सहनशीलतेचे गोडवे आपण पिढ्यान्‌पिढ्या गात आलो; तिच्या मनःस्वास्थ्याची चौकशी मात्र क्वचितच केली. रायगडच्या किनाऱ्यावर, मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या गावांत, एखाद्या बाळंतिणीची छाती अकस्मात धडधडू लागली, हातपाय गार पडले, श्वास कोंडला आणि आता आपण मरणार असे तिला वाटू लागले, तर घरात तीन निदाने तयार असतात: बाहेरची बाधा, अशक्तपणा किंवा नाटक. पहिल्यावर उपाय भगताचा, दुसऱ्यावर सलाईनचा आणि तिसऱ्यावर टोमण्यांचा. तालुक्याच्या दवाखान्यात हृदयाचा आलेख नीट निघाला, की ‘काही नाही’ असे सांगून तिला परत पाठविले जाते. त्या ‘काही नाही’ला वैद्यकशास्त्रात पॅनिक अटॅक असे नाव आहे, आणि तो बरा होऊ शकणारा विकार आहे, हे तिला कोणी सांगत नाही.

प्रसूतीनंतर काही दिवसांतच इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची, म्हणजे आपण ज्यांना सर्रास हार्मोन म्हणतो त्यांची, पातळी झपाट्याने उतरते. पहिल्या पंधरवड्यातील रडू, चिडचिड आणि उदासी बहुधा आपोआप ओसरते. परंतु ती त्यापुढेही टिकली, बाळ झोपले असतानाही आईचा डोळा लागेनासा झाला, भीतीचे झटके वारंवार येऊ लागले, तर तो स्वभावदोष नव्हे, आजार होय. थायरॉईडचा बिघाड आणि रक्तक्षय यांनीही अशीच धडधड होते. यास्तव रक्ततपासणी आवश्यक ठरते. चाळिशीनंतर ऋतुनिवृत्तीच्या उंबरठ्यावर हीच संप्रेरके पुन्हा हेलकावे खातात, तेव्हाही अनेक स्त्रियांना हा अनुभव येतो. भीतीचा झटका साधारणतः दहा मिनिटांत कळसाला पोहोचतो आणि मग ओसरतो. शांत बसणे, श्वास सावकाश सोडणे, जवळ कोणीतरी असणे, याने तो सुसह्य होतो. अर्थात छातीत प्रथमच दुखू लागले असता रुग्णालय गाठणे हेच शहाणपणाचे.

तथापि सारा दोष संप्रेरकांच्या माथी मारून समाजाला मोकळे होता येणार नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० मातांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. कारणांत आर्थिक ओढाताण होती, पतीशी बिघडलेले संबंध होते, मुलगी झाल्याने वाढलेले दडपणही होते. रक्तातील संप्रेरके औषधाने सावरता येतील. ही कारणे घराने आणि गावानेच सावरली पाहिजेत.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक जुनाच प्रश्न पडतो: ज्या श्रमाला बाजारात किंमत नाही, त्या श्रमाची झीज कोण मोजणार? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे दिसून आले. किनाऱ्यावरील कोळीण घर सांभाळून मासळीची पाटीही उचलते. घरधनी समुद्रावर किंवा मुंबईला, आणि घरात तान्हे मूल. अशा घरात आईने अंथरूण धरले, तर बुडालेला रोजगार, दवाखान्याच्या खेपा आणि थोरल्या मुलीची सुटलेली शाळा, हा सारा खर्च तेच कुटुंब सोसते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या किनाऱ्यावर माडा-पोफळींचे पंचनामे झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण उघड्या छपराखाली तान्ह्याला घेऊन बसलेल्या आईच्या मनाचा रकाना कोणत्या पंचनाम्यात होता?

‘आमच्या आया-आज्यांनीही सोसलेच की,’ असे उत्तर मिळते. त्यांनी सोसले हे खरे. परंतु त्यांपैकी अनेकींच्या वाट्याला माहेर होते, सव्वा महिन्याची विश्रांती होती आणि रात्री बाळ घेणारी दुसरी बाई घरात होती. आज कुटुंबे लहान झाली, विश्रांती आटली, अपेक्षा मात्र तेवढ्याच राहिल्या. शिवाय त्या आया-आज्यांपैकी किती जणी मनातून मोडल्या, याची नोंद कोणी ठेवली होती?

उपाय खर्चिक नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीच्या हातून नवजात बालकांची घरपोच सेवा यशस्वी करून दाखविली. पुढे २०११ पासून ती देशभर आशा कार्यकर्तीकडे आली. रुग्णालयात प्रसूती झालेल्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जाते. बाळाचे वजन करते, ताप पाहते. त्याच फेरीत आईला दोन प्रश्न विचारता येतील: गेल्या पंधरवड्यात मन सतत उदास राहिले काय? कशातच रस वाटेनासा झाला काय? भीतीचे झटके येतात काय, हा तिसराही जोडावा. उत्तर होकारार्थी असेल, तर तिला पुढे पाठविण्याची वाट ठरलेली असावी. गोव्यातील ‘मानस’ प्रयोगाने २०१० साली दाखवून दिले, की डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांच्या मदतीने सरकारी आरोग्य केंद्रांतील नैराश्याचे व चिंतेचे रुग्ण अधिक प्रमाणात बरे होतात.

आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, ही तक्रार रास्त आहे. योजनेच्या आरंभी सर्व फेऱ्यांचा मिळून मोबदला २५० रुपये ठरला होता. नव्या कामाला नवा मोबदला हवा. एका स्त्रीच्या फुकट श्रमातून दुसरीचे दुःख हलके करणे हा न्याय नव्हे. तसेच, मुरुडच्या बाळंतिणीने मानसोपचारासाठी तान्ह्याला घेऊन अलिबाग गाठावे ही अपेक्षाही सोडावी. डॉक्टरांनीच ठरलेल्या वारी तालुक्याला यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी मानसोपचाराचा हक्क दिला आहे. उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करू नये, असेही त्यात म्हटले आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिला जावा.

सरकारचे काम येथे संपते; घराचे उरते. रात्रीचे एक पाजणे सोडले, तर बाळाचे बाकी सारे बापाला करता येते. बाळंतिणीला सलग चार तास झोप मिळावी एवढी व्यवस्था ज्या घरात होत नाही, त्या घराने तिच्या सहनशीलतेची स्तुती करण्याचा अधिकार गमावला आहे.