घराचा पाठ आणि प्रक्षेप

पानशेतच्या पुरात (१२ जुलै १९६१) नदीकाठचे राहते घर गेल्यावर आजोबांनी, तेव्हा गावाबाहेर समजल्या जाणाऱ्या एका सोसायटीत, प्लॉट घेतला आणि १९६४ साली बंगला बांधला. सपाट स्लॅब, लांबलचक छज्जा, पोलादी चौकटीच्या आडव्या खिडक्या, जिन्यालगत सिमेंटची जाळी, पायाखाली मोझेक. कमान नाही, कोरीव खांब नाही, देवळीही नाही. वाड्यातील काळोख आणि वाड्यातील पायऱ्या-उतरंडी (माणसामाणसांतल्या सुद्धा) मागे टाकायच्या, हा त्या काळच्या मध्यमवर्गाचा निश्चय त्या भिंतींत वाचता येतो. अशी घरे पुण्यात, नागपुरात, अहमदाबादेत शेकड्यांनी उभी राहिली. त्यांच्यामागे चंडीगडचे नवे शहर होते, आणि सिमेंटच्या परमिटसाठी घातलेले हेलपाटेही होते.

आज त्या घरात माझी ८४ वर्षांची आई राहते. निजायची खोली वर, न्हाणीघरही वरच. आणि गुडघे जिना चढू देत नाहीत. तळमजल्यावर एक खोली आणि न्हाणीघर वाढवणे भाग आहे. यावर घरात दोन तट पडले आहेत. धाकट्या भावाच्या मते बंगला बिल्डरकडे सोपवून मोकळे व्हावे. वास्तुकला शिकलेल्या भाचीच्या मते मूळ रचनेला हातही लावू नये. प्रस्तुत लेखकाला दोन्ही मते अमान्य आहेत.

भाचीची भूमिका साहित्याच्या अभ्यासकाला परिचित वाटेल. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये असे बजावले. प्रक्षेप नको, हा आग्रह ग्रंथाच्या बाबतीत योग्यच आहे. वाचक बदलला, त्याची गरज बदलली, तरी ओवी बदलण्याचे कारण नसते. तो भाष्य लिहू शकतो, टीपा देऊ शकतो. घराला मात्र समास नसतो. तिथे भाष्य करायचे तर भिंतीतच करावे लागते. शिवाय ‘मूळ पाठ’ म्हणजे नेमका कोणता? आमच्या गच्चीवर खांबांच्या माथ्यांतून बाहेर आलेल्या सळया आजही दिसतात. पुढचा मजला चढवता यावा म्हणून आजोबांनी त्या सोडल्या होत्या. म्हणजे कर्त्याच्या मनात हे घर पुरे झालेलेच नव्हते. (त्या सळया साठ वर्षांत इतक्या गंजल्या आहेत की त्यांच्यावर आता काही उभारता येणार नाही, ही गोष्ट वेगळी, कर्त्याचा हेतू कळला म्हणजे तो जसाच्या तसा अमलात आणता येतोच असे नाही.)

फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या पेसाक येथे ल कोर्ब्युझिए याने आँरी फ्रुजेस या उद्योगपतीसाठी १९२४ ते १९२६ या काळात सुमारे पन्नास घरे बांधली. रहिवाशांनी पुढे गच्च्या बंद केल्या, आडव्या खिडक्या अरुंद केल्या, उतरती छपरे चढवली. १९६९ साली फिलिप बूदाँ यांनी या बदलांवर पुस्तक लिहिले, तेव्हा प्रश्न उलटा विचारता येऊ लागला: घर बिघडले, की घराने बदल सोसले? चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात बेलापूरला वसाहत उभारताना घरांच्या भिंती एकमेकांना सामायिक ठेवल्या नाहीत, ते याच विचाराने. प्रत्येक कुटुंबाला शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावे. तिथली बरीच घरे मालकांनी आज ओळखू न येण्याइतकी बदलली आहेत. हे अपयश मानायचे की यश, यावर वाद होऊ शकतो. पण रचनेतच वाढीला जागा ठेवता येते, हे निर्विवाद.

मग वाटेल ते करावे काय? नाही. पहिले काम दुखण्याचे निदान. हवेतील कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची अल्कता वर्षानुवर्षे घटत जाते, सळईवरचे संरक्षण नाहीसे होते आणि गंज चढतो. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून स्लॅबचे पोपडे आतून फुटतात. त्यावर पीओपीचे खोटे छत बसवणे म्हणजे फाटलेल्या पानावर कोरा कागद चिकटवणे. दुसरे, जुन्याचा तोल सांभाळणे: छज्जा आणि जाळी या शोभेच्या वस्तू नसून ऊन-वाऱ्याची व्यवस्था आहेत; नवी खोली त्यांच्या आड येता कामा नये. तिसरे, नव्याने नवे दिसावे. १९६४च्याच व्हेनिस सनदेने म्हटले आहे की अपरिहार्य भर मूळ रचनेहून वेगळी ओळखू यावी आणि तिच्यावर तिच्या काळाची मुद्रा असावी. प्रक्षेप करावा, पण तो लपवू नये. संपादक कंस घालतो तसा दोन बांधकामांमध्ये सांधा ठेवावा.

भावाचे म्हणणे मी हलके मानत नाही. दुरुस्तीचा खर्च खरा आहे, आणि पुढची पिढी इथे राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण कोरियांचे अहमदाबादचे ट्यूब हाऊस १९९५ साली पाडले गेले. आता ते पुस्तकांतील आराखड्यांत आणि छायाचित्रांत उरले आहे. मूळ ग्रंथ नष्ट होऊन केवळ सारांश उरावा, तसे. आमच्या साध्या घराचा तर सारांशही कोणी लिहून ठेवणार नाही.

म्हणून मागच्या अंगणात एक खोली उठवायची, असे मी दोघांनाही सांगितले आहे. स्वतंत्र पाया, उंबरठा नाही, न्हाणीघरात धरायला दांडी. खिडकी आडवीच, पण आजच्या घडणीची. भाचीला आराखडा काढायला सांगितला आहे. ती अजून रागावलेली आहे. आईने फक्त एवढेच विचारले की तिथून पारिजातक दिसेल ना. माझ्या मते आराखड्याची सुरुवात याच प्रश्नापासून व्हावी.