जन्मठेप आणि वार्धक्य

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून बावला खुनाची हकीकत अजूनही मधूनमधून निघते. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याचा खून करण्यात आला. त्याच्यासमवेत असलेली, इंदूर दरबार सोडून गेलेली मुमताज बेगम जखमी झाली. हल्लेखोरांचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले आणि पुढच्याच वर्षी तुकोजीराव होळकर (तिसरे) यांना गादीवरून पायउतार व्हावे लागले. या कथेत महाराज येतात, बेगम येते, नामांकित बॅरिस्टर येतात. ज्यांना जन्मठेप झाली त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र कथा सांगणारा सांगत नाही आणि ऐकणाराही विचारीत नाही.

गाजलेल्या खुनांच्या बाबतीत असेच होते. शिक्षा सुनावली गेली की समाजाच्या लेखी प्रकरण संपते. तुरुंगातल्या माणसाचे आयुष्य मात्र तेथे संपत नाही. वीस-पंचवीस वर्षे लोटतात, केस पांढरे होतात, दृष्टी अधू होते, आणि एके दिवशी त्याच्या सुटकेचा अर्ज सरकारच्या टेबलावर येतो. मग वर्तमानपत्रांतून जुनी छायाचित्रे पुन्हा छापली जातात आणि घराघरांत वाद सुरू होतो. अशा माणसाला अखेरच्या दिवसांत घरी जाऊ द्यावे की नाही? या महिन्यात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. अमेरिकेसारख्या देशांत ‘पॅरोल’ म्हणजे शिक्षा पुरी होण्यापूर्वी अटींवर मिळालेली सुटका. आपल्याकडे पॅरोल ही रजा आहे. घरात मृत्यू, गंभीर आजार असे कारण असेल तर मिळते ती अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. आणि काही काळ शिक्षा भोगल्यावर चांगल्या वर्तणुकीमुळे मिळते ती संचित रजा, म्हणजे फर्लो. कायमचे बाहेर पडावयाचे तर सरकारने उरलेली शिक्षा माफ केली पाहिजे. तिला मुदतपूर्व सुटका म्हणतात. वृद्ध कैद्यांविषयीचा खरा वाद या शेवटच्या गोष्टीचा आहे.

दुसरा घोळ ‘जन्मठेप’ या शब्दाचाच. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. तुरुंगात दिवस आणि रात्र निरनिराळी मोजतात, त्यामुळे चौदाची सातच होतात, असेही सांगणारे भेटतात. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यांतला पहिला ज्या निकालाने खोटा ठरला तो एका मराठी माणसाच्या अर्जावरचा आहे. गांधीहत्येच्या खटल्यात १९४९ साली जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला की, मिळालेली सूट धरता माझी शिक्षा पुरी झाली आहे, तेव्हा मला सोडावे. जानेवारी १९६१ मध्ये न्यायालयाने अर्ज फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य. तुरुंगाच्या नियमांनी सूट मिळाली म्हणून सुटकेचा हक्क आपोआप निर्माण होत नाही. शिक्षा माफ करावयाची की नाही हे सरकारने ठरवावयाचे, असा तो निर्णय होता. पुढे १९७८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यातील जन्मठेपेच्या कैद्याने प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्याखेरीज त्याला सोडता येणार नाही, असे ठरले. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम आहे. म्हणजे चौदा वर्षे ही सुटकेचा विचार सुरू होण्याची अलीकडची मर्यादा आहे, शिक्षेची पलीकडची नव्हे.

तरीही गोपाळ गोडसे आणि त्यांचे दोन सहआरोपी ऑक्टोबर १९६४ मध्ये सुटलेच. सरकारने आपला अधिकार वापरला. परंतु पुढल्याच महिन्यात पुण्यात त्यांच्या सुटकेनिमित्त जो समारंभ झाला, त्याने देशभर संतापाची लाट उसळली आणि गोडसे यांना पुन्हा अटक झाली. पंधरा वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाला घरी जाऊ देणे ही दया झाली; त्याचा सत्कार करणे ही मेलेल्याची विटंबना झाली. या दोहोंतील अंतर आपल्या समाजाला तेव्हा ओळखता आले नाही, आणि अजूनही येतेच असे नाही.

२००२ च्या गुजरात दंगलीतील बिल्किस बानो प्रकरण याचेच उदाहरण होय. मुंबईच्या न्यायालयाने जन्मठेप दिलेल्या अकरा जणांना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले आणि बाहेर त्यांचे हारतुऱ्यांनी स्वागत झाले. जिच्यावर अत्याचार झाले, जिची चिमुकली मुलगी मारली गेली, तिला कोणी विचारले नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सुटका रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालला असल्याने अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नव्हे, हे त्यामागील प्रमुख कारण होते.

मग सुटकाच नको, असे म्हणावे काय? तेही सरळ नाही. अमेरिकेत १९६९ च्या मॅन्सन टोळीच्या खुनांतील सुसान ॲटकिन्स ही स्त्री मेंदूच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळली असतानाही २००९ साली तिला पॅरोल नाकारला गेला आणि काही दिवसांतच ती तुरुंगात वारली. तिच्याच टोळीतील लेस्ली व्हॅन हाऊटन पन्नासहून अधिक वर्षे भोगून २०२३ साली, सत्तरी ओलांडल्यावर सुटली. मंडळाने अनेकदा शिफारस करूनही राज्यपाल ती फेटाळीत होते. शेवटी न्यायालयाने सांगितले की, ही स्त्री आज धोकादायक आहे असे दाखविणारा पुरावा नाही. मुद्दा नेमका हाच आहे. गुन्हा कधीच बदलत नाही. तो जितका भयंकर होता तितकाच राहतो. माणूस मात्र बदलू शकतो. केवळ गुन्ह्याकडे पाहावयाचे तर अर्ज मागविण्याचा देखावा तरी कशाला?

आपल्याकडे १९९६ पासून तुरुंगात असलेल्या, कोल्हापूरच्या बालहत्यांतील दोघी बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द करून जन्मठेप दिली. दयेच्या अर्जाच्या निर्णयाला सरकारने लावलेला अक्षम्य विलंब हे त्याचे कारण. त्यांना सोडून देण्याची मागणी मात्र न्यायालयाने मानली नाही. नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या २००७ मधील खुनात जन्मठेप झालेले अरुण गवळी यांनी, पासष्टी ओलांडलेल्या अशक्त कैद्यांसाठी असलेल्या महाराष्ट्र शासनाच्या २००६ च्या धोरणाचा आधार घेतला. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अपील प्रलंबित असताना वय व सतरा वर्षांहून अधिक कारावास लक्षात घेऊन जामीन दिला. वयाचा विचार करावा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांना अमान्य नाही. पण ते तत्त्व ज्याच्यापाशी मोठे वकील आहेत त्यालाच लाभावे काय? खेड्यातील बांधाच्या भांडणात खून करून बसलेला, ज्याला भेटावयाला वर्षानुवर्षे कोणी आलेले नाही, असा म्हातारा अर्ज तरी कोणाकडून लिहून घेणार? म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुटकेचे धोरण असेल तेथे पात्र कैद्याने अर्ज केला नाही तरी सरकारने आपणहून त्याचा विचार केला पाहिजे. हे फार महत्त्वाचे पाऊल आहे.

माणूस बदलू शकतो यावर विश्वास ठेवण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ साली खुनाच्या गुन्ह्यातील कैद्यांना भिंतींवाचून ठेवण्याचा प्रयोग झाला. शांतारामबापूंच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तीच, आणि कथा गदिमांची. आपल्या प्रदेशात चंबळच्या खोऱ्यात १९६० साली विनोबांपुढे आणि १९७२ साली जयप्रकाशजींपुढे दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली. त्यांतील अनेकांनी मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात शिक्षा भोगली आणि पुढे शेतीभातीत ते रमले. मध्यप्रदेशात १९५४ पासून असा कायदा आहे की, चांगल्या वर्तणुकीच्या बंद्याला एखाद्या जबाबदार व्यक्तीच्या वा संस्थेच्या देखरेखीखाली परवान्यावर सोडता येते. खुद्द इंदुरात २०१८ साली देवी अहिल्याबाईंच्या नावाने खुली वसाहत सुरू झाली. तेथे कैदी कुटुंबासह राहतात आणि दिवसा शहरात कामाला जातात. रजा, मग खुली वसाहत, मग अटींवर सुटका, अशा पायऱ्यांनी गेले तर बाहेर आलेला माणूस कसा वागतो हे आधीच कळते. एकदम फाटक उघडणे किंवा कायमचे बंद ठेवणे, या दोहोंपेक्षा हे शहाणपणाचे आहे.

उरतो तो सर्वांत अवघड प्रश्न, ज्याचे माणूस गेले त्याचा. नथुरामची फाशी रद्द व्हावी अशी विनवणी गांधीजींच्या मणिलाल व रामदास या पुत्रांनी केली होती. राजीव गांधींच्या हत्येतील नलिनीची फाशी २००० साली जन्मठेपेत बदलली, तीमागे सोनियाजींची विनंती होती. ती अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये सुटली. ही उदाहरणे थोर आहेत, परंतु त्यांचा वापर दुसऱ्या आईबापांना क्षमा शिकविण्यासाठी होऊ नये. ज्यांचे लेकरू गेले त्यांनी क्षमा न करण्याचा हक्क आपण हिरावून घेऊ शकत नाही. तसेच, त्यांच्या क्षमेवर किंवा कोपावर कैद्याचे भवितव्य संपूर्णपणे सोपविणेही न्यायाचे नव्हे. नाहीतर ज्याच्या मृताला रडणारे कोणी नाही तो खुनी लवकर सुटेल. त्यांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, निर्णयापूर्वी ऐकले पाहिजे, आणि सुटकेची बातमी त्यांना वर्तमानपत्रातून कळता कामा नये.

माझे मत थोडक्यात असे. वार्धक्य हा सुटकेचा हक्क नव्हे आणि कुप्रसिद्धी हा नकाराचा आधार नव्हे. जो पश्चात्तापाचा शब्दही काढीत नाही, ज्याच्या एका निरोपावर अजून माणसे हलतात, तो ऐंशीचा झाला तरी आत राहावा. ज्याच्या हातून आता कोणाला भय नाही, ज्याने शिक्षा खऱ्या अर्थाने भोगली आहे, त्याला अखेरची वर्षे घरच्या अंगणात, देखरेखीखाली आणि गाजावाजा न होता काढू द्यावीत. मध्यप्रदेशात अशा सुटकेसाठी जे दिवस नेमले आहेत, त्यांत गांधीजयंतीही आहे. त्या दिवशी फाटकाबाहेर घरची माणसे थांबावीत. हारतुरे कोणी आणू नयेत.