तीन पैशांचा हिशोब कोण देणार?

जॅझ म्हटलं की आपल्या पोरांना वाटतं, हे पंचतारांकित हॉटेलातलं श्रीमंतांचं संगीत. मित्रांनो, हा गैरसमज आधी काढून टाका. जॅझ जन्माला आलं न्यू ऑर्लिन्समध्ये, गुलामांच्या मुला-नातवंडांच्या हातून.

हे जॅझ १९२८ साली बर्लिनच्या रंगमंचावर पोहोचलं. नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त, संगीतकार कुर्ट वाइल, नाटक 'थ्री पेनी ऑपेरा'. त्यात चोर, भिकारी, वेश्या आणि लाचखाऊ पोलीस अधिकारी. १९३३ मध्ये हिटलर आला, नाटकावर बंदी आली आणि ज्यू असलेल्या वाइलला देश सोडावा लागला. पुढे १९३८ मध्ये नाझींनी 'अधःपतित संगीत' नावाचं प्रदर्शन भरवलं. त्याच्या पोस्टरवर सॅक्सोफोन वाजवणारा काळा माणूस होता आणि त्याच्या छातीवर ज्यूंचा तारा! शोषितांचं संगीत एकमेकांना भेटलं की सत्ता का घाबरते, ते इथे कळतं.

१९७८ मध्ये हेच नाटक मराठीत आलं, 'तीन पैशाचा तमाशा'. लेखन पु. ल. देशपांडे, दिग्दर्शन जब्बार पटेल, संस्था पुण्याची थिएटर अकॅडमी. रॉक गायक नंदू भेंडे त्यात गाजले. पुढे २००० मध्ये बाबासाहेबांवरचा चित्रपटही जब्बार पटेलांनीच केला. त्यांच्या कामाबद्दल आकस नाही. प्रश्न वेगळा आहे.

जॅझ काळ्यांचं आणि तमाशा महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी जगवलेला. नाटकाच्या नावातच 'तमाशा' आहे. मग या नाटकाचा इतिहास सांगताना फक्त लेखक-दिग्दर्शकांची नावं का येतात? 'कला सर्वांची असते' असं उत्तर मिळतं. मान्य! पण कला सर्वांची आणि बदनामी फक्त फडावरच्या बाईची, असं कसं चालेल?

या नाटकात एक दुकानदार आहे, पीचम. तो भिकाऱ्यांना फाटके कपडे आणि लंगडेपणाचं सोंग भाड्याने देतो, वर कमाईत वाटा घेतो. दुःख आपलं, दया विकणारा दुसराच. हे पात्र आपण रोज बघतो. वस्तीवर अत्याचार झाला की फोटो काढायला कोण येतं आणि केस लढायला कोण उरतं, आठवून बघा.

या नाटकाचं एक गाणं १९५५ मध्ये लुई आर्मस्ट्राँग या काळ्या कलावंताने गायलं आणि ते जगभर गाजलं. जॅझ फिरून आपल्या माणसाच्या तोंडी आलं. आपला तमाशा आपल्याकडे कधी येणार?

खरं तर तो आला होता. भीमराव कर्डकांनी तमाशाचाच साचा घेतला, त्यातून देवभोळेपणा काढला आणि आंबेडकरी जलसा उभा केला. आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला चौदा एप्रिलला डीजेची भिंत उभी राहते. वर्गणी लाखांत जाते आणि शाहिराला मानधन द्यायची वेळ आली की मंडळाची तिजोरी रिकामी!

माझी सूचना साधी आहे. पुढच्या जयंतीला डीजेच्या खर्चातला निम्मा पैसा बाजूला काढा. आपल्याच पोरापोरींचा जलसा बसवा. ढोलकी घ्या, बँजो घ्या, हवा तर सॅक्सोफोनही घ्या. तो कुणाच्या बापाचा नाही, आपल्याच दूरच्या भावंडांचा आहे.

जयभीम!