पार्किन्सनचा जनुक आणि डेटातली रिकामी जागा

एखादं अॅप सावळ्या चेहऱ्यांवर अडखळलं की आम्ही इंजिनिअर लगेच म्हणतो, ट्रेनिंग डेटा बघा. पार्किन्सनच्या जनुक-संशोधनातही तीच गत होती. हाताला कंप, मंदावलेल्या हालचाली, ताठरलेलं शरीर असा हा मेंदूचा आजार जगभर आहे, पण अभ्यासातले बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे.

नायजेरियातल्या लागोस विद्यापीठाच्या न्यूरॉलॉजिस्ट न्जिडेका ओकुबादेजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकी वंशाचे 1,488 रुग्ण आणि पार्किन्सन नसलेले 1,96,430 लोक यांच्या डीएनएची तुलना केली. 2023 मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त निकाल आला: जीबीए1 जनुकात एक नवा बदल. एका पालकाकडून आला तर धोका साधारण दीडपट, दोघांकडून आला तर साडेतीनपट.

जीबीए1 पेशीतला कचरा साफ करणारं एन्झाइम बनवतो. युरोपीय लोकांत सापडलेले बदल थेट त्या एन्झाइमची रचना बिघडवतात. हा नवा बदल मात्र प्रथिनात न उतरणाऱ्या भागात आहे. म्हणजे कॉमेंटमध्ये काहीतरी बदललं म्हणून आपण दुर्लक्ष करावं, आणि बिल्डच फसावा! फक्त प्रथिनाची रेसिपी वाचणाऱ्या टेस्टला तो दिसतच नाही. (खोकल्याच्या औषधातलं ॲम्ब्रोक्सॉल हे एन्झाइम वाढवतं, म्हणून ब्रिटनमध्ये पार्किन्सनच्या रुग्णांवर त्याची चाचणी चालू आहे. घरातली बाटली लगेच उघडू नका.)

आता खरी गोची. त्या तुलनेतले पार्किन्सन नसलेले बहुतेक लोक म्हणजे '23अँडमी' या कंपनीचे ग्राहक. घरी किटमध्ये थुंकी भरून पाठवलेले. मार्च 2025 मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हा सगळा डेटा विक्रीची मालमत्ता झाला. शेवटी संस्थापक अ‍ॅन वोजिकी यांच्याच ना-नफा संस्थेने 30.5 कोटी डॉलरला सौदा केला. बरं झालं म्हणायचं, पण घेणारा दुसराही कुणी असू शकला असता.

डीएनए देऊच नका, असं मी म्हणणार नाही. त्या लोकांनी दिला नसता तर हा शोध इतक्या ताकदीने उभाच राहिला नसता. पण लीक झालेला पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही, आणि त्यात तुमच्या भावंडांचीही माहिती असते. तेव्हा किट मागवताना संशोधनासाठीची संमती वेगळी घेतात का आणि कंपनी विकली गेली तर डेटाचं काय, हे अटींमध्ये शोधा. आणि रिपोर्टमध्ये 'धोका आढळला नाही' आलं, तर ती टेस्ट कुणाच्या डेटावर बेतलीय, हेही विचारा.