चार चाकं तर सगळ्यांनाच असतात!

मंडळी, हे थोडं चिडून लिहिते आहे. नातेवाईकांपैकी जे वाचतील त्यांनी आपापल्या वाटणीचं मनाला लावून घ्यावं, माझी हरकत नाही. :)

विषय साधा आहे. भाचीला गाडी घ्यायची आहे. भाची जनावरांची डॉक्टर. राहते कोथरूडला, काम भोरच्या पलीकडे हिरडस मावळात, नीरा-देवघर धरणाच्या मागच्या वाड्यांमध्ये. बजेट पाच लाख, ओढूनताणून साडेपाच. तिचं म्हणणं, जुनी चालेल पण फोर बाय फोर हवी. झालं! एवढ्या एका वाक्यावर गेले तीन महिने आमच्या घरात जे रण माजलंय, ते पाहता लग्न ठरवणं सोपं पडलं असतं.

विरोधकांचे तीन पक्ष आहेत. एकेकाचा समाचार घेते.

पक्ष पहिला : "त्यापेक्षा थोडं कर्ज काढून नवी छोटी एसयूव्ही घे की!"

हा सगळ्यात मोठा पक्ष, यात काका, आत्या आणि सोसायटीतले अर्धे लोक. यांच्या लेखी गाडी उंच दिसली, खाली काळं प्लास्टिक आणि वर छपराला दांड्या असल्या, की ती डोंगर चढणारच. अहो, चार चाकं तर माझ्या जुन्या हॅचबॅकलाही आहेत! प्रश्न इंजिनाची ताकद किती चाकांपर्यंत पोचते हा आहे. शोरूममध्ये ज्यांना छोटी एसयूव्ही म्हणतात, त्यांतल्या बहुतेकींची फक्त पुढची दोन चाकं ओढतात. ओल्या चढावर गाडीचा भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात आणि नेमकी तीच गरगरायला लागतात. गाडीची उंची तिथे काय कामाची? उंचावरून आपण रुतताना जास्त चांगलं दिसतं, इतकंच.

आणि फसगत काय फक्त छोट्या गाड्यांतच होते असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राने फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार आणली. लांबी चार मीटरच्या आत होतीच, त्यात दीड लिटरचं छोटं डिझेल इंजिन, म्हणजे तेव्हाच्या कररचनेत स्वस्त. पुढे २०२४ साली थार रॉक्स आली, तिच्यात पेट्रोल घेतलं की फोर बाय फोर मिळायचीच नाही, त्यासाठी डिझेलच घ्यावं लागायचं. कंपनीने यात काही लपवलं नाही, किंमतपत्रकात स्वच्छ लिहिलेलं असतं. पण 'थार आहे म्हणजे चारही चाकं फिरणारच' असं छातीठोक सांगणारे निदान चार जण मला ओळखीत सापडले. पैकी एकाच्या दारात दोन चाकं फिरणारी थार उभी आहे आणि त्याला ते माहीत नव्हतं. त्याचं काही अडलं नाही, कारण ती गाडी फर्ग्युसन रोड सोडून फारशी कुठे जात नाही.

भाचीचं तसं नाही. जाऊन-येऊन साधारण दीडशे किलोमीटर, त्यातले एकशे चाळीस डांबर. उरलेला पल्ला म्हणजे मुरूम, लाल चिखल आणि भातखाचरांच्या कडेने गेलेली बैलगाडीची वाट. लोक म्हणतात, दहा किलोमीटरसाठी एवढा खटाटोप? अहो, तिला बोलावलेलंच त्या दहा किलोमीटरसाठी असतं! गाय अडली की ती डांबरी रस्त्यावर येऊन अडत नाही. वासरू आडवं असेल आणि मदतीला उशीर झाला तर गाय आणि वासरू दोन्ही हातचे जाऊ शकतात, आणि ज्या घरात दोनच जनावरं आहेत, त्या घराचं वर्षाचं गणित बिघडतं. जुलै महिन्यात, रात्री, पावसात, बरोबर औषधांच्या पेट्या आणि कृत्रिम रेतनाची नायट्रोजनची टाकी. गाडी वाटेत अडकली तर डॉक्टर असून उपयोग काय?

पक्ष दुसरा : "वडापवाले जातातच की!"

हा मुद्दा खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. आमच्याकडे ज्याला वडाप म्हणतात त्या जीपगाड्या वर्षानुवर्षं दोन चाकांच्या जोरावर घाटवाटा तुडवताहेत. पण त्या कशा जातात ते पाहा. मागे दहा-बारा माणसं कोंबलेली, त्यामुळे ओढणाऱ्या मागच्या चाकांवर भक्कम वजन. चालकाला रोजच्या वाटेवरचा दगड न् दगड पाठ. आणि रुतलीच, तर तेच दहा-बारा जण खाली उतरून ढकलतात. शिवाय वाट फारच खराब झाली की वडाप अलीकडच्या गावातच थांबतं, पुढे पायी. भाची एकटी असते. तिच्या गाडीत ढकलायला नायट्रोजनची टाकी उतरणार का?

याच पक्षातल्या काहींचा पोटमुद्दा असा की "मुलीच्या जातीला जीप कशाला?" यावर मी फक्त एवढंच म्हणते, जी मुलगी खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवून बाहेर काढते, तिला गिअरच्या शेजारची आणखी एक दांडी ओढता येईल.

पक्ष तिसरा : "घ्यायची तर जिप्सी, नाहीतर जुनी थार. बाकी सगळं झूठ!"

हे माझेच लोक, म्हणून यांच्यावर राग जास्त. जीपवेड्यांना शहर नावाची गोष्ट दिसतच नाही. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली आणि २०१९ च्या आसपास सर्वसामान्यांसाठी बंद झाली. हलकी, साधी, कुठल्याही गावातला मिस्त्री पाना घेऊन उघडेल अशी. चिखलात तिला तोड नाही, हे मीही मान्य करते. पण पुढे-मागे पाट्यांची स्प्रिंग, त्यामुळे रोजच्या दीडशे किलोमीटरनंतर डॉक्टरलाच डॉक्टर लागेल. पेट्रोल पिते ते वेगळंच. त्यात २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, आणि तिच्या रबरी नळ्या आणि सील त्या हिशोबाने बनलेले नाहीत.

जुनी थार, म्हणजे २०१० ते २०२० मधली. डिझेल इंजिन दणकट, सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात, लो रेंजचा गिअर आहे. पण एअरबॅग नाहीत. बहुतेकींना कापडी छप्पर, म्हणजे औषधांच्या पेट्या ठेवून गोठ्यात शिरायचं तर जीव अर्धा गाडीत. आणि पावसाळी रात्री मोठ्या रस्त्याने परत यायचं असतं, ते जीपवाल्यांच्या फोटोत येत नाही.

शिवाय एक गोष्ट हे लोक सांगत नाहीत. या गाड्यांतली फोर बाय फोर ही कोरड्या डांबरावर वापरायचीच नसते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात. मध्ये तो फरक सांभाळणारं डिफरन्शियल नसल्याने पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पीळ देतात आणि ट्रान्सफर केस सोसत राहते. म्हणजे शहरात तुमची वाघासारखी जीप ही मागच्या दोन चाकांवर चालणारी एक कडक, गोंगाट करणारी गाडीच असते. आणि ब्रेक? ते सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. चार चाकं ओढतात म्हणून गाडी लवकर थांबत नाही, ते टायर ठरवतात.

मग घ्यावी काय?

माझं मत सांगते. या कामासाठी, या पैशात, रेनॉ डस्टरची चारही चाकांची आवृत्ती. २०१४ च्या सप्टेंबरात आली, दीड लिटर डिझेल, सहा गिअर. एरवी पुढची चाकं ओढतात, घसरण जाणवली की गाडी आपणहून मागे ताकद पाठवते, आणि एक बटण फिरवून तुम्ही ते पक्कंही करू शकता. मागचं सस्पेन्शन स्वतंत्र, त्यामुळे खड्ड्यांत अंग आणि टाकी दोन्ही शाबूत. बंद, कुलूप लागणारी गाडी. लो रेंज नाही हे खरं, पण पहिला गिअर मुद्दाम इतका आखूड ठेवलाय की चढावर मुंगीसारखी चढते. (नायट्रोजन बंद गाडीत न्यायचा तर टाकी उभी बांधून, काच थोडी उघडी ठेवूनच. हे भाचीनेच बजावलंय.)

तोटे आहेतच. मोठ्या दगडांवर ती जिप्सीच्या पासंगाला पुरणार नाही. मागे ताकद पाठवणारा क्लच फार वेळ चिखलात घसटला तर तापतो. सुटे भाग थारइतके सहज मिळत नाहीत. आणि एअरबॅग असलेलीच घ्यायची. २०१७ साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या डस्टरला शून्य तारे मिळाले होते.

पण गाडीच्या नावापेक्षा ती विशिष्ट गाडी कशी आहे, हे दहापट महत्त्वाचं. तीन महिन्यांत आम्ही अकरा गाड्या पाहिल्या, त्यातून शिकलेलं लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी टायर पाहा. चारही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, साधारण सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असतील तर चाकांच्या घेरात फरक पडतो आणि तो भार थेट फोर बाय फोरच्या यंत्रणेवर येतो. ज्याने टायरवर पैसे वाचवले, त्याने आतल्या तेलावरही वाचवलेलेच असतात.

मग गाडी मोकळ्या मातीच्या जागेत न्या आणि मालकाला फोर बाय फोर लावून दाखवायला सांगा. लो रेंज असेल तर तीही. निम्मे मालक इथेच चाचरतात, कारण वर्षानुवर्षं ती दांडी कुणी हलवलेलीच नसते. "लागते हो, फक्त जरा जाम आहे" हे ऐकलं की नमस्कार करून निघावं.

त्यानंतर खाली झोपा. खरंच झोपा, चटई घेऊन जा. चासीवर ताजा काळा रंग चमकत असेल तर आनंद मानू नका, खाली काय झाकलंय ते विचारा. गाडी कोकणात राहिलेली किंवा समुद्राच्या वाळूत खेळवलेली असेल तर गंज आतून खातो. डस्टरच्या बाबतीत टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. "बदललाय" हे बिल नव्हे.

मोठे टायर, उचललेलं सस्पेन्शन, पुढे लोखंडी बंपर अशी सजवलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी नको. मूळ रचनेत असे फेरफार कायद्याला चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्टच केलंय. विम्याच्या वेळी भांडत कोण बसणार?

आणि कागद. २०१५ सालची गाडी २०३० मध्ये पंधरा वर्षांची होईल. मग तपासणी, पर्यावरण कर आणि नव्याने नोंदणी, पुढे दर पाच वर्षांनी तेच. हे शुल्क २०२२ मध्ये वाढलं, वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये पुन्हा वाढलं. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या तिथल्या वयाच्या निर्बंधांपायी स्वस्तात इकडे येतात. त्यात चांगल्याही असतात, पण ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स आणि नवी नोंदणी हे सगळं धरून मगच 'स्वस्त' म्हणा. कर्जाचा बोजा उतरलेला आहे का आणि जुने चलन बाकी आहेत का, हे पैसे देण्याआधी बघा.

शेवटचं, पाच लाखांतले चार लाखच गाडीला द्यायचे. उरलेला लाख टायर, बेल्ट, तेलं आणि पहिल्या पावसाळ्यात उघडं पडणारं जे काय असेल त्याला. हप्त्यावर नवी घेणाऱ्यांना ही रक्कम मोठी वाटते. वर्षभराचे हप्ते एकदा बेरीज करून बघा म्हणावं.

काका परवाही म्हणाले, "जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी विकत घेणं." असेल. पण काका, तुम्ही सुचवलेली नवी गाडी म्हणजे स्वतःची डोकेदुखी सात वर्षांच्या हप्त्यावर घेणं आहे, आणि वर ती पहिल्याच चढावर मागे घसरणार. गाडी कुणाला दाखवायची आहे की कुठे पोचवायची आहे, एवढंच आधी ठरवा. आमचं ठरलंय.

असो. अकरा झाल्या, बारावी रविवारी नाशिकला बघायला जातोय. तोवर कुणाच्या ओळखीत एकहाती वापरलेली, बिलं जपून ठेवलेली चारही चाकांची डस्टर असेल तर जरूर कळवा. रंग कुठलाही चालेल, नाहीतरी जुलैत लालच होणार आहे.