फोनवर डॉक्टर, पण बोलायचे कोणी?

परळच्या टाटा हॉस्पिटलसमोर फूटपाथवर चटई टाकून बसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना खेड्यातून तपासणीला येणे म्हणजे काय ते सांगायला नको. मंडणगडहून यायचे तर रात्रीची एस.टी., सोबतीला घरातला एक पुरुष, त्याचे दोन रोज बुडाले, मुले शेजाऱ्यांकडे. मग केमो संपली की बायका पुढची तारीख टाळू लागतात. "आता बरी आहे," म्हणतात.

यातल्या काही फेऱ्या फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर भागतात. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये त्याचे नियमही काढले. आपल्या हॉस्पिटलात ही सोय आहे का, ते घरी निघतानाच विचारून घ्या. रिपोर्ट दाखवणे, गोळ्यांचा त्रास सांगणे एवढे कॉलवर होते. हाताने गाठ तपासणे, मॅमोग्राफी, रेडिएशन यासाठी जावेच लागते. आणि केमो चालू असताना ताप १००.४ वर गेला तर कॉलची वाट पाहू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा.

आमच्या नात्यातल्या एका खालांचा असा कॉल मी शेजारी बसून ऐकला. डॉक्टरबाई विचारत होत्या आणि उत्तरे मुलगा देत होता. "जेवण ठीक, झोप ठीक." मुलगा गुणी, आईसाठी जीव टाकणारा. पण दोन आठवड्यांपासून अंगावरून थोडे थोडे रक्त जाते, हे खाला त्याच्यादेखत कसे सांगणार? कॉल संपल्यावर स्वयंपाकघरात मला सांगितले. त्या स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेत होत्या, पाळी केव्हाच बंद झालेली. या गोळीने क्वचित गर्भाशयाचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून असे रक्त दिसले तर डॉक्टरला कळवावेच लागते. दुपारी पुन्हा फोन लावला, या वेळी खाला स्वतः बोलल्या. त्यांना लगेच सोनोग्राफीला बोलावले. ती फेरी टाळण्यासारखी नव्हतीच.

घरातल्या पुरुषांनी कॉल जोडून द्यावा, रिपोर्टचे फोटो तारखेप्रमाणे पाठवावेत आणि दार ओढून बाहेर बसावे. पडद्याचा प्रश्न असेल तर लेडी डॉक्टर मिळेल का, हे वेळ घेतानाच विचारावे. मिळाली नाही तर नुसत्या आवाजावरही सल्ला घेता येतो, नियमात तशी मुभा आहे. काय सांगायचे ते तिने आदल्या रात्री कागदावर उतरवून ठेवावे. उर्दूत लिहिले तरी चालेल, वाचायचे तिलाच आहे.